मानसशास्त्रातील ऑनर्स वर्ष, ऑस्ट्रेलियातील

मानसशास्त्रातील ऑनर्स वर्ष, ऑस्ट्रेलियातील : तीन वर्षांचा मानसशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम उत्तम रीतीने पूर्ण केलेल्या निवडक विद्यार्थ्यांसाठी असलेले चौथे, विशेष अध्ययनाचे व संशोधनाचे वर्ष. यात विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतंत्र संशोधन करून प्रबंधिका सादर करतो, त्याचबरोबर संशोधनपद्धती, सांख्यिकी, मनोमापन आणि व्यावसायिक नीती यांसारख्या विषयांच्या परीक्षा देतो. इंग्लंडमध्ये किंवा भारतात ‘ऑनर्स’ हा शब्द बहुधा संपूर्ण पदवीला उद्देशून वापरला गेला. ऑस्ट्रेलियात मात्र सामान्य पदवीनंतर घ्यावयाचे एक वेगळे वर्ष असा त्याचा अर्थ रूढ झाला. बुद्धिमान विद्यार्थ्यांना विद्याव्यासंगाकडे वळविण्यासाठी योजलेले हे वर्ष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रज्ञाच्या व्यवसायाचे प्रवेशद्वार बनले. या दोन भूमिकांमधील ताण हाच त्याच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

पूर्वपीठिका : विशेष गुणवत्ता दाखविणाऱ्या विद्यार्थ्यांची वेगळी परीक्षा घेण्याची प्रथा इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांतून आली. ऑक्सफर्ड येथे १८०० सालच्या परीक्षानियमांनी या प्रथेचा पाया घातला, तर केंब्रिज येथे गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेतील गुणानुक्रम अठराव्या शतकातच प्रसिद्ध होत असे. स्कॉटलंडमध्ये सामान्य पदवी तीन वर्षांची व ऑनर्स पदवी चार वर्षांची, असा भेद पुढे स्थिर झाला. ऑस्ट्रेलियातील आरंभीची विद्यापीठे, म्हणजे सिडनी (१८५०), मेलबर्न (१८५३) व ॲडिलेड (१८७४), ब्रिटिश नमुन्यावर उभारलेली होती. त्यांतील अनेक प्राध्यापक स्कॉटलंडमध्ये शिकलेले असल्यामुळे दोन्ही परंपरांचा त्यांवर संस्कार झाला.

या विद्यापीठांत मानसशास्त्र प्रारंभी स्वतंत्र विषय नव्हता. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि मनाचे तत्त्वज्ञान यांच्यासमवेत तो शिकविला जाई. मेलबर्न येथे हेन्री लॉरी व सिडनी येथे फ्रान्सिस अँडरसन या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांनी आपल्या व्याख्यानांत मानसशास्त्राला स्थान दिले. व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) यांनी १८७९ साली लाइपसिक येथे प्रयोगशाळा स्थापन केल्यानंतर यूरोप व अमेरिकेत हा विषय प्रयोगनिष्ठ झाला. ऑस्ट्रेलियात हे परिवर्तन काहीसे उशिरा घडले. क्वीन्सलंड विद्यापीठात १९११ पासून अध्यापन करणारे एल्टन मेयो (१८८०–१९४९) पुढे अमेरिकेत गेले व औद्योगिक संबंधांवरील संशोधनामुळे प्रसिद्धीस आले. मेलबर्न येथे स्टॅन्ली पोर्टियस (१८८३–१९७२) यांनी १९१४ च्या सुमारास मंदबुद्धी मुलांच्या परीक्षणासाठी व्यूहचाचणी तयार केली. पुढे तेही अमेरिकेतच स्थायिक झाले. या दोघांची कारकीर्द पाहता गुणवंतांना मायदेशी टिकवून धरील अशी विद्यापीठीय व्यवस्था त्या काळी अपुरी होती, हे लक्षात येते.

स्वतंत्र विभागांची स्थापना : जर्मनीतील येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले हेन्री टॅसमन लव्हेल (१८७८–१९५८) यांची १९२१ साली सिडनी विद्यापीठात मानसशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १९२९ साली ते ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या कारकीर्दीत हा विषय तत्त्वज्ञानापासून अलग होऊन विभागाच्या स्वरूपात उभा राहिला. त्यांच्यानंतर १९४५ साली विल्यम मॅथ्यू ओनील (१९१२–१९९१) त्या पदावर आले. पुढे १९८७ साली त्यांनी ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्राच्या शंभर वर्षांचा इतिहासही लिहिला. मेलबर्न येथे १९४६ साली ऑस्कर ओझर यांच्या नेमणुकीने स्वतंत्र विभाग सुरू झाला. क्वीन्सलंड व ॲडिलेड येथील प्राध्यापकपदे १९५० नंतरच्या दशकात निर्माण झाली.

दुसऱ्या महायुद्धाने या विषयाला मोठी चालना दिली. सैन्यातील निवडचाचण्या, युद्धोत्तर व्यवसायमार्गदर्शन आणि शाळांतील बुद्धिमापन यांसाठी प्रशिक्षित माणसांची गरज भासू लागली. केंद्र शासनाच्या पुनर्रचना प्रशिक्षण योजनेखाली सैन्यातून परतलेले हजारो तरुण विद्यापीठांत दाखल झाले. त्यांतील अनेकांना मनुष्यस्वभावाच्या शास्त्राविषयी प्रत्यक्ष अनुभवातून जिज्ञासा निर्माण झालेली होती. तरीही ऑनर्सच्या वर्गात मोजकेच विद्यार्थी असत. प्राध्यापकाच्या खोलीत भरणारी चर्चासत्रे, प्रयोगशाळेतील काम आणि वर्षअखेरची प्रबंधिका असे त्या वर्षाचे घरगुती म्हणावे असे स्वरूप होते. त्यात प्रथम वर्ग मिळविणारा विद्यार्थी शिष्यवृत्ती घेऊन थेट डॉक्टरेटच्या संशोधनाकडे वळू शके. मधली पदव्युत्तर पदवी त्याला आवश्यक नसे, ही ऑस्ट्रेलियन ऑनर्सची विशेषता आजही टिकून आहे.

विद्याशाखेकडून व्यवसायाकडे : ब्रिटिश मानसशास्त्रीय संस्थेची ऑस्ट्रेलियन शाखा महायुद्धाच्या अखेरच्या काळात सुरू झाली. १९६६ साली तिचे ‘ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी’ या स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. याच सुमारास कायद्यानेही या व्यवसायाची दखल घेतली. व्हिक्टोरिया राज्यात सायंटॉलॉजी या पंथाच्या व्यवहारांची चौकशी झाली. त्यानंतर १९६५ साली संमत झालेल्या अधिनियमाने मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची तरतूद केली. ऑस्ट्रेलियातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय. पुढे इतर राज्यांनीही नोंदणीमंडळे स्थापन केली. मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर आता पदवीपत्राच्या आधारे द्यावयाचे होते. या उत्तरात चौथ्या वर्षाला मध्यवर्ती स्थान मिळाले.

याला एक तात्त्विक आधारही होता. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे १९४९ साली भरलेल्या परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा एकाच वेळी वैज्ञानिक व व्यावसायिक असावा, अशी भूमिका मांडली होती. स्वतः संशोधन केलेला माणूसच दुसऱ्याच्या संशोधनाची पारख करू शकतो. ज्याला ही पारख नाही, त्याने रुग्णावर उपचार करणे धोक्याचे होय, असा या भूमिकेचा गाभा आहे. ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर पातळीवर पुरेशा सोयी होण्यापूर्वी या तत्त्वाची पूर्ती करण्याचे काम ऑनर्सच्या प्रबंधिकेवरच पडले. चार वर्षांचे शिक्षण व त्यानंतर दोन वर्षांचे पर्यवेक्षित काम असा मार्ग त्यातून रूढ झाला. तो ‘चार अधिक दोन’ या नावाने ओळखला जाई.

उच्चशिक्षणाच्या विस्तारामुळे मागणी आणखी वाढली. केंद्र शासनाने १९७४ साली विद्यापीठशुल्क रद्द केले. १९८९ साली ते उत्पन्नानुसार फेडावयाच्या कर्जाच्या रूपाने पुन्हा सुरू झाले. याच काळात शिक्षणमंत्री जॉन डॉकिन्स यांच्या सुधारणांमुळे प्रगत शिक्षण महाविद्यालयांचे विद्यापीठांत रूपांतर वा विलीनीकरण झाले आणि मानसशास्त्र शिकविणाऱ्या विद्यापीठांची संख्या वाढली. पहिल्या वर्षाच्या वर्गांत शेकडो विद्यार्थी बसू लागले. परंतु ऑनर्सच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक लागत असल्याने त्या जागा त्याच प्रमाणात वाढविता आल्या नाहीत. रुंद तोंडाची व अरुंद नळीची नरसाळ्यासारखी ही रचना तेव्हापासून कायम आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या उपचारांना मेडिकेअर या सार्वजनिक आरोग्यविमा योजनेतून परतावा मिळू लागला आणि त्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी अधिक दर ठरविण्यात आला. त्यामुळे व्यवसायाचे आकर्षण वाढले व नळीवरील दाबही वाढला.

दिनांक १ जुलै २०१० पासून नोंदणीची राष्ट्रीय योजना अंमलात येऊन राज्यांच्या मंडळांची जागा ‘सायकॉलॉजी बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलिया’ या मंडळाने घेतली. अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम स्वतंत्र अधिस्वीकृती परिषद करते. तिने २०१९ पासून लागू केलेल्या मानकांत शिक्षणाचे चार स्तर कल्पिलेले आहेत : पायाभूत, पूर्वव्यावसायिक, व्यावसायिक आणि विशेष व्यवसायक्षेत्रविषयक. तीन वर्षांची पदवी पहिल्या स्तरात व ऑनर्सचे वर्ष दुसऱ्या स्तरात मोडते. ‘चार अधिक दोन’ हा मार्ग नव्या अर्जदारांसाठी ३० जून २०२२ रोजी बंद झाला. त्यानंतर ऑनर्सधारकाला एक वर्षाची व्यावसायिक पदव्युत्तर पदवी व एक वर्षाची उमेदवारी, किंवा विशेष क्षेत्रातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, यांपैकी एक मार्ग स्वीकारावा लागतो. अशा रीतीने ऑनर्स हे शेवटचे द्वार न राहता मधले द्वार झाले. मात्र त्यातून पार पडल्यावाचून पुढचे कोणतेच द्वार उघडत नाही.

प्रकार व प्रवेश : ऑनर्सचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात तीन वर्षांची पदवी घेतल्यानंतर चौथ्या वर्षासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हाच जुना व अधिक रूढ प्रकार होय. दुसऱ्यात ऑनर्सचे वर्ष चार वर्षांच्या पदवीत अंतर्भूत असते. अशा अभ्यासक्रमाला शालान्त परीक्षेनंतरच प्रवेश मिळतो. तथापि चौथ्या वर्षात जाण्यासाठी ठराविक गुण टिकवावे लागतात. यांखेरीज काही विद्यापीठे चौथ्या वर्षाची तुल्य पदविका देतात. तिच्यातही संशोधनाचा अंश असतो. राष्ट्रीय अर्हता चौकटीत ऑनर्स पदवी व ही पदविका या दोन्हींना आठवा स्तर देण्यात आला आहे. अन्य विषयांतील पदवीधरांना मानसशास्त्राचा पायाभूत भाग पुरा करण्यासाठी वेगळी पदविका असते. तिच्यानंतर त्यांनाही ऑनर्ससाठी अर्ज करता येतो.

अर्जदाराने मान्यताप्राप्त पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. अनेक ठिकाणी तो मागील दहा वर्षांत झालेला असावा, अशी अट असते. निवड मुख्यत्वे मानसशास्त्राच्या विषयांतील सरासरी गुणांवर होते आणि त्यात दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाला, विशेषतः संशोधनपद्धती व सांख्यिकी यांना, अधिक महत्त्व दिले जाते. किमान सरासरी बहुधा शेकडा ६५ ते ७० अशी असते. परंतु ती केवळ अर्जाची पात्रता होय. जागा मर्यादित असल्याने प्रत्यक्ष प्रवेशाची सीमा त्याहून बरीच वर जाते व दरवर्षी बदलते. शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होत असल्याने अर्ज साधारणतः आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात मागविले जातात. विद्यार्थी बहुधा एकाच वेळी अनेक विद्यापीठांकडे अर्ज करतात. अर्जाबरोबर किंवा प्रवेशानंतर पसंतीच्या मार्गदर्शकांची नावे क्रमाने द्यावी लागतात. त्यापूर्वी अध्यापकांचे संशोधनविषय वाचून त्यांची भेट घेण्याचा प्रघात आहे. परदेशात, उदा., मुंबई किंवा पुणे येथे, पदवी घेतलेल्यांना आपल्या शिक्षणाची समकक्षता अगोदर तपासून घ्यावी लागते.

वर्षाचा क्रम : ऑनर्सचे वर्ष नावाला बारा महिन्यांचे असले, तरी संशोधनासाठी प्रत्यक्षात सुमारे आठ महिनेच मिळतात. पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याने आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन प्रश्न निश्चित करावयाचा असतो. हा टप्पा सर्वांत कठीण समजला जातो. तोपर्यंत विद्यार्थी इतरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत आलेला असतो. येथे आठ महिन्यांत उत्तर मिळू शकेल असा प्रश्न त्याला स्वतः घडवावा लागतो. ‘चिंता व स्मरण यांचा संबंध’ हा विषय झाला; चिंतेच्या विशिष्ट मापनश्रेणीवर अधिक गुण मिळविणाऱ्या व्यक्तींना धमकीदर्शक शब्द तटस्थ शब्दांपेक्षा अधिक आठवतात काय, हा प्रश्न झाला. विषयाकडून प्रश्नाकडे जाण्याचा हा प्रवास म्हणजेच ऑनर्सचे खरे शिक्षण होय.

त्यानंतर संशोधनाचा आराखडा मांडला जातो व नीतिसमितीची संमती घेतली जाते. मानवी संशोधनातील नीतीसंबंधीचे राष्ट्रीय निवेदन १९९९ साली प्रसिद्ध झाले व २००७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. प्रयुक्तांची माहितीपूर्ण संमती, माघार घेण्याचा त्यांचा हक्क व माहितीची गुप्तता यांची हमी त्यानुसार द्यावी लागते. समितीने शंका काढल्यास आठवडे निघून जातात. म्हणून रुग्ण, लहान मुले किंवा कैदी यांच्यावरील अभ्यास अनुभवी मार्गदर्शकाच्या आधीच मान्य झालेल्या प्रकल्पाचा भाग म्हणूनच बहुधा हाती घेतले जातात. प्रयुक्त म्हणून बहुशः पहिल्या वर्षाचे विद्यार्थी उपलब्ध होतात. त्यांना या सहभागाबद्दल अभ्यासक्रमात थोडे गुण मिळतात. ही सोय मोठी असली, तरी अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यांवरून काढलेले निष्कर्ष सर्व माणसांना लागू पडतात काय, हा आक्षेप तिच्यावर नेहमी घेतला जातो.

माहिती गोळा झाल्यावर प्रचरण विश्लेषण, समाश्रयण यांसारख्या सांख्यिकीय पद्धतींनी तिचे विश्लेषण करतात. मुलाखतींवर आधारलेले गुणात्मक अभ्यासही स्वीकारले जातात. प्रबंधिका साधारणतः आठ ते बारा हजार शब्दांची असते. काही विद्यापीठे तिच्याऐवजी शोधनियतकालिकातील लेखाच्या धर्तीचे लेखन मागतात. ती ऑक्टोबरच्या सुमारास सादर होते व दोन परीक्षक तिचे मूल्यमापन करतात. मार्गदर्शकाला परीक्षक न नेमण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. वर्षाच्या एकूण गुणांपैकी सर्वसाधारणपणे निम्मे प्रबंधिकेला व उरलेले विषयांना असतात. शेकडा ८० व त्यावरील गुणांना प्रथम वर्ग, ७५ ते ७९ ला द्वितीय वर्गाचा वरचा विभाग, ७० ते ७४ ला त्याचा खालचा विभाग व ६५ ते ६९ ला तृतीय वर्ग, अशी श्रेणी बऱ्याच विद्यापीठांत आढळते. डॉक्टरेटच्या शिष्यवृत्तीसाठी बहुधा प्रथम वर्ग लागतो. चिकित्सा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मुलाखतीसाठी बोलावणे येण्यास निदान द्वितीय वर्गाचा वरचा विभाग आवश्यक समजला जातो. म्हणजे ७४ व ७५ या दोन आकड्यांमधील एका गुणाने कित्येकांच्या आयुष्याची दिशा ठरते.

मूल्यमापन : ऑनर्सच्या वर्षावर घेतले जाणारे आक्षेप त्याच्या दुहेरी भूमिकेतून उद्भवतात. समुपदेशक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यामध्ये सहानुभूती, संयम व ऐकण्याची कला हे गुण हवेत. परंतु निवड होते ती सांख्यिकीतील व लेखनातील प्रावीण्यावर. पदवीनंतर नोकरी किंवा कुटुंब सांभाळून शिकणाऱ्यांना सलग पूर्णवेळ वर्ष काढणे अवघड जाते. काही विद्यापीठांनी दोन वर्षांचा अंशकालिक पर्याय ठेवून ही अडचण कमी केली आहे. तीन वर्षे शिकूनही ज्यांना ऑनर्सला प्रवेश मिळत नाही, त्यांना मानसशास्त्रज्ञ ही संज्ञा कायद्याने लावता येत नाही. त्यांतील बरेच जण समाजकार्य, शिक्षण किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन यांकडे वळतात. देशात, विशेषतः ग्रामीण भागात, मानसशास्त्रज्ञांचा तुटवडा असताना इच्छुकांना मात्र दाराशी थांबावे लागते, ही विसंगती वारंवार दाखविली गेली आहे. केंद्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात पदव्युत्तर पातळीवरील जागा वाढविण्यासाठी तरतूद केली. तथापि चौथ्या वर्षाच्या जागा मार्गदर्शकांच्या संख्येने सीमित राहतात. आदिवासी ऑस्ट्रेलियन व टॉरस सामुद्रधुनी बेटांवरील लोकांचे प्रमाण या व्यवसायात फार अल्प राहिले. त्यांच्याविषयीच्या चाचण्यांतून व निष्कर्षांतून झालेल्या अन्यायाबद्दल ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटीने २०१६ साली जाहीर क्षमायाचना केली.

संशोधनाच्या दर्जाबाबतचा आक्षेपही गंभीर आहे. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती करून पाहणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मूळ अभ्यासांपैकी शेकडा ९७ अभ्यासांतील परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय होते. पुनरावृत्तीत केवळ ३६ टक्के अभ्यासांतच तसे आढळले. लहान नमुन्यावर व अल्प वेळात केलेली प्रबंधिका या दोषाला सहज बळी पडते. म्हणून अभ्युपगमांची पूर्वनोंदणी करणे, अनेक विद्यार्थ्यांनी मिळून एक मोठा नमुना गोळा करणे किंवा उपलब्ध माहितीचेच नव्याने विश्लेषण करणे, अशा पद्धती पुढे आल्या. अपेक्षित परिणाम न आढळणे हे अपयश नव्हे; पद्धती निर्दोष असेल तर अशा प्रबंधिकेलाही प्रथम वर्ग मिळू शकतो, हे तत्त्व विद्यार्थ्यांच्या मनावर आवर्जून बिंबविले जाते.

भारतातील संदर्भ : भारतात कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. येथील ऑनर्स पदवी मात्र बहुधा तीन वर्षांची व परीक्षाप्रधान राहिली. संशोधनाचा परिचय प्रायः पदव्युत्तर पातळीवरच होई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसृत केलेल्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत शेकडा ७५ गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेण्याची मुभा ठेवली आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही या रचनेचा अवलंब सुरू केला आहे. या दृष्टीने ऑस्ट्रेलियाचा अनुभव येथे उद्‌बोधक ठरतो. चौथे वर्ष नियमांनी निर्माण करता येते. पण प्रत्येक विद्यार्थ्यामागे वेळ देऊ शकणारा मार्गदर्शक, कार्यक्षम नीतिसमिती व सुसज्ज ग्रंथालय यांवाचून त्यातील संशोधन नाममात्र उरते. तसेच ज्ञानार्जनासाठी योजलेल्या वर्षावर व्यवसायप्रवेशाचा संपूर्ण भार टाकल्यास ज्ञानाची ओढ मागे पडून गुणांची चिंता पुढे येते. मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने आपल्याच विद्यार्थ्यांच्या मनावरील या भाराचा विचार करावा, अशी जाणीव अलीकडे ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत वाढीस लागली आहे.